रुईवरची मंडळी

आमचे घरमालक ऊन लागल्याशिवाय चालू होत नसत.

हे मी गमतीनं सांगत नाही. धायरीला त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाथरूमचा नळ गळायला लागला. मी धावत खाली आले. घरमालक, ज्यांना सगळी गल्ली साहेब म्हणते, ते पायरीवर उन्हाकडे पाठ करून, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, "काका, नळ."

"पाच मिनिटं थांबा. अजून तापलो नाही."

मला वाटलं, ताप आलाय की काय! आतून काकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्याशी आत्ता बोलू नकोस. फुलपाखरू झालेत ते. तू इकडे ये, मुख्य कॉक मी बंद करते."

मी लातूरकडची. आमच्याकडे माणूस वेडा असला तर लोक सरळ वेडा म्हणतात आणि मोकळे होतात. पुण्यात तसं नाही. इथे वेड्यालाही 'अहो-जाहो' करतात आणि तोही समोरच्याला 'आपण' म्हणतो. साहेब मला पहिल्या दिवसापासून 'आपण' म्हणायचे. मी त्यांच्या मुलीहून लहान. "आपण रात्री गेटाला कडी लावली नाहीत. चोर आला असता तर त्यालाही लाजल्यासारखं झालं असतं." असं बोलणं. आवाज चढवायचा नाही, कपाळावर आठी नाही आणि ऐकणाऱ्याच्या अंगाची मात्र लाही लाही.

साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. खातं कोणतं, तर अतिक्रमणाचं. कुणी फूटपाथवर टपरी टाकली, कुणी गॅलरी रस्त्यावर आणली, कुणी वळणावर दगडाला शेंदूर फासून रातोरात देऊळ उभं केलं, की ते काढायला साहेब जायचे. त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली, पण पैसा खाल्ला नाही. हे शेवटचं वाक्य काकूंचं. बौद्ध घर. रविवारी दोघं पांढरे कपडे घालून विहारात जायचे, अर्थात ऊन असेल तर. ढगाळ हवेला साहेब घराबाहेर पडत नसत. सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं आणि सकाळपासून आभाळ भरलेलं, तर हे घरात. काकू एकट्या गेल्या. दुपारी ऊन पडलं तसे हे निघाले आणि बरोबर जेवणाच्या पंगतीला पोचले. लोक म्हणाले, साहेबांनी मुहूर्त चुकवला. साहेब म्हणाले, "मुहूर्त तुमचा होता. माझा आत्ता लागला."

हे फुलपाखरांचं वेड कधी लागलं, तर निवृत्तीनंतर. पहिले काही दिवस ते गल्लीवरच नोकरी करत होते म्हणे. याची गाडी आडवी, त्याची पायरी बाहेर. समोरच्या दुकानदाराला त्यांनी त्याची बाहेर आलेली दगडी पायरी तोडायला लावली होती, त्या गोष्टीवरून तो अजून चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला असायचा. काकू वैतागल्या आणि म्हणाल्या, "अहो, माणसांकडे बघणं बंद करा, दुसरीकडे कुठेतरी बघा." साहेबांनी आदेश पाळला. घरासमोर, गल्लीच्या पलीकडच्या कडेला रुईचं एक मोठं झुडूप होतं. ते त्याच्याकडे बघायला लागले, आणि मग बघतच राहिले.

त्या रुईवर केशरी फुलपाखरं यायची. पंखांच्या टोकाला काळी किनार, त्यात पांढरे ठिपके. त्यांचं शास्त्रीय नाव साहेबांना पाठ होतं, पण ते कधी घ्यायचे नाहीत. "आपल्याला आपल्या शास्त्रीय नावानं हाक मारलेली आवडेल का?" असं विचारायचे. ते त्यांना 'रुईवरची मंडळी' म्हणायचे. आणि मंडळींची अख्खी सेवापुस्तिका त्यांनी तोंडपाठ केली होती. कोशातून नुकतं बाहेर आलेलं, ओल्या पंखांनी लटकलेलं ते 'प्रोबेशनवर'. पंख वाळून फुलांवर फिरायला लागलं की 'रुजू झालं'. एकच झाड धरून बसणारा, दुसरा नर आला की त्याला हाकलून लावणारा, तो 'अतिक्रमणवाला'. आणि रंग उडालेलं, पंखाच्या कडा फाटलेलं, तरी फुलाफुलावर जाणारं, ते 'पेन्शनर'. पेन्शनर दिसला की साहेबांचा चेहरा खुलायचा. "बघा, अर्धा पंख नाही. पण एक दिवस रजा नाही."

मला हे सगळं सकाळी ऑफिसला निघताना ऐकावं लागायचं. माझं ऑफिस खराडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस सिंहगड रस्त्यावर यायची आणि माझ्यासाठी थांबायची नाही. मी गेटाशी बूट घालतेय आणि साहेबांचं सुरू. "ही बघा, मादी आहे. प्रत्येक पानावर बसते आणि उठते. पायांनी चव घेते ती. पान पसंत पडलं तरच खाली एक अंडं, आणि पुढे. एका पानावर सगळा संसार मांडत नाही."

"साहेब, बस चुकेल."

"चुकू द्या. बस रोज येते. ही बाई रोज येईलच असं नाही."

हे खरं सांगते, माझी तीन-चार वेळा बस चुकली. मॅनेजरला मी ट्रॅफिकचं कारण सांगायचे. मादी अंडं घालत होती असं कसं सांगणार?

पण एक गोष्ट आहे. पुण्यात आले तेव्हा मी संध्याकाळी खोलीत येऊन रडायचे. घरची आठवण, ऑफिसातलं ते फाडफाड इंग्रजी, एकटं जेवण. आवाज खाली जात असणार. काकूंना वर यायचं होतं, साहेबांनी अडवलं. "तिचे पंख ओले आहेत. आत्ता हात लावलात तर वाकडे वाळतील." हे मला नंतर काकूंनी सांगितलं तेव्हा मी अशी भडकले! अरे, माणूस रडतंय आणि तुम्ही फुलपाखराचे नियम लावताय? मग आठवलं, त्याच आठवड्यात दारात रोज संध्याकाळी झाकलेली वाटी असायची. कधी पिठलं, कधी शेवयांची खीर. ठेवणारा दिसायचा नाही. मी काकूंना म्हटलं, "तुम्हीच ठेवायचात ना?" त्या म्हणाल्या, "मी नुसतं करायची. जिना चढायचे ते." एवढं ऐकल्यावर मी काय भडकणार, कप्पाळ!

साहेबांचं दुसरं खातं म्हणजे नळाजवळचा चिखल. तिथे ते रोज पाणी शिंपडून माती ओली ठेवायचे. उन्हं वर आली की लहान लहान पिवळी-पांढरी फुलपाखरं त्या मातीवर ओळीनं बसायची आणि सोंडा खुपसायची. त्यांना मातीतले क्षार हवे असतात. माझ्या ऑफिसमधला एक मित्र मला बाइकवरून सोडायला यायचा आणि गेटाशी उगाच बोलत उभा राहायचा. एकदा साहेब त्याला चिखलाजवळ घेऊन गेले. "हे बघा. हे सगळे नर आहेत. काम काही नाही. मीठ चाटायला गोळा होतात." मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग माझ्याकडे वळून शांतपणे, "मादीला नको असेल तर ती पोट वर उचलून सरळ नकार देते. नर निमूट निघून जातो. आपल्याकडे मुलींना एवढंही शिकवत नाहीत." मी नकार दिला नाही. त्याच मीठ चाटणाऱ्याशी पुढे लग्न केलं, आणि साहेब आले. त्या दिवशी ऊन होतं.

आता त्या रुईची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. देवळाबाहेर माळा विकणारी मावशी धायरी गावठाणातली, मूळची इथली. तिनं वर्षानुवर्षं त्याच झुडपाची पानं तोडलेली. साहेबांचं लक्ष रुईकडे गेल्यावर पहिल्याच शनिवारी दोघांची गाठ पडली. हा प्रसंग गल्लीत अजून सांगतात.

"थांबा. पानं तोडू नका."

"का वो? रुई काय तुमच्या बाची हाय?"

"माझ्या वडिलांची नाही. सार्वजनिक आहे. म्हणून म्हणतो, परवानगीशिवाय तोडू नका."

"आन् कुनाची परवानगी काडू?"

"पानाखाली राहतात त्यांची."

मावशीनं पान उलटून पाहिलं. खाली पांढरं, टाचणीच्या डोक्याएवढं अंडं. ती म्हणाली, "अगं बया! म्हंजी इतकी वर्सं मी मारुतीला अंडी वाहत हुते का काय!" आणि कपाळाला हात लावून मटकन खालीच बसली.

या गोष्टीनं ती फारच घाबरली. मारुती ब्रह्मचारी, त्यात शनिवार, आणि माळेत अंडी! साहेबांनी तिची समजूत काढली नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. पण दर शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतः चष्मा पुसून रुईपाशी जायला लागले. एकेक पान उलटून बघायचं. अंडं नाही, अळी नाही, असं पान देठाजवळ तोडायचं, चीक पुसायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मावशीला द्यायचं. हळूहळू पायरीवर बसून माळाही ओवायला लागले. मावशीच्या माळेपेक्षा साहेबांची माळ सरळ यायची. झालं! गल्लीत बोभाटा. साहेब मारुतीला लागले! विहारातही कुणीतरी चिमटा काढला, "काय साहेब, जयभीम की जय बजरंग?"

साहेब म्हणाले, "जयभीमच. मी देवळात जात नाही. पानं जातात."

एक गोष्ट मला तेव्हा चमत्कारिक वाटायची. साहेबांच्या आवाराला पुरुषभर उंचीची भिंत होती. आतून दर दिवाळीला रंग, बाहेरून कधीच नाही. काकू म्हणायच्या, बाहेरूनही रंगवून घेऊ. साहेब म्हणायचे, "राहू दे," आणि फुलपाखरं बघायला जायचे. त्या भिंतीबद्दल ते एकाच प्रसंगी बोलायचे. रुईवरची मादी आमच्या आवारातल्या झेंडूवर यायला निघाली की जमिनीलगत संथ उडत यायची, भिंतीशी अडायची, भिंतीच्या कडेकडेनं जायची आणि गेटातून वळून आत यायची. "पाहिलंत? गेटानं येते. गल्लीतल्या पोरांसारखी भिंतीवरून उड्या मारत नाही. शिस्तीची आहे." हे सांगताना त्यांना केवढा अभिमान!

मग गल्लीचं काँक्रिटीकरण आलं. मुकादम आला, चुन्याच्या रेषा मारून गेला, आणि पलीकडची रेषा बरोबर रुईच्या बुंध्यावरून गेली. साहेब मुकादमाला म्हणाले, एवढं झुडूप सोडा. मुकादम चांगला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, मला रस्त्याची रुंदी भरून द्यायचीय. झुडूप ठेवायचं तर रस्ता तेवढा तुमच्या अंगाला सरकवायला पाहिजे. आणि इकडं तुमची भिंत. मी तरी काय करू?"

मला वाटलं, आता मुकादमाचं काही खरं नाही. साहेब त्याला आपण-आपण करून उभा सोलणार. पण साहेब वळले आणि आत गेले. पुढचे काही दिवस पायरीवर उन्हाला बसले नाहीत, मला फुलपाखरं दाखवली नाहीत, बस वेळेवर मिळाली आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. रुईवर तेव्हा अळ्या होत्या, पानांखाली हिरवे कोश लटकलेले होते. एकदा जिन्यावरून उतरताना काकूंचा आवाज ऐकला, "बोलून टाका ना एकदाचं." साहेब म्हणाले, "गल्लीत तोंड कसं दाखवू?" मला अर्थ लागला नाही. मला वाटलं, झुडूप वाचवता आलं नाही म्हणून म्हणत असतील.

ज्या सकाळी जेसीबी आला, तेव्हा आमच्या पायरीवर अजून ऊन आलं नव्हतं. मी खाली धावले आणि बघते तर काय, रुईच्या बुंध्याशी एक लांबट दगड उभा, शेंदरानं माखलेला, त्याच्यावर रुईची माळ, समोर उदबत्ती! बाजूला मावशी कमरेला पदर खोचून उभी.

"मारुतीची रुई हाय ती. लावा हात, लावा!"

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले. मुकादमानं डोकं खाजवलं. गल्ली जमली होती आणि सगळे गालातल्या गालात हसत होते. कळत सगळ्यांना होतं, पण शेंदराला हात लावणार कोण? मला तर मावशीला मिठी मारावीशी वाटली. रुई वाचली होती!

तेवढ्यात गेट वाजलं. साहेब बाहेर आले. ऊन नसताना! हातात नोकरीतला जुना टेप, चामड्याच्या डबीतला. त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हा काल इथे नव्हता."

मावशी म्हणाली, "अवो गप बसा की साहेब! तुमच्याच पाखरांसाठी केलं ना मी!"

"माहीत आहे. उपकार आहेत आपले. पण जन्मभर मी असले दगड उचलले. लोक रडायचे, पाया पडायचे. त्यांना नाही म्हटलं. आता माझ्या सोयीचा आहे म्हणून राहू देऊ?"

मी कळवळून म्हटलं, "साहेब, मग रुई जाईल हो!"

त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "पलीकडे हद्दीचा दगड आहे. तिथे धरा. घट्ट."

मी धरलं. ते टेप सोडत आपल्या भिंतीपर्यंत गेले. मान वर न करता आकडा वाचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही भिंत दीड फूट रस्त्यात आहे. बांधली तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. आल्यावर मोजली. तेव्हापासून मला माहीत आहे."

मग तो समोरचा दुकानदार पुढे आला. "म्हणजे साहेब, माझी पायरी तोडायला लावली, तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"वा!"

"आपली पायरी बाहेर होती, माझी भिंतही बाहेर होती. आपल्याला बोललो, स्वतःला बोललो नाही. चुकलं माझं." असा माणूस, ज्याच्यापुढे अख्खी गल्ली गाडी सरळ लावायची, तो सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा. मग ते मुकादमाकडे वळले. "आधी ही भिंत पाडा. मग रस्ता इकडे सरकवा. आणि मावशी, तो दगड उचला. एका गल्लीत दोन अतिक्रमणं नकोत."

काकू दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, भिंतीजवळच्या कुंड्या?"

"कालच हलवल्या," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या बोलतील, ठाऊक होतं मला."

जेसीबीवाल्यानं चपला घातल्या. भिंत पडायला काही वेळ लागला नाही. आतला रंगवलेला पिवळा भाग आणि बाहेरचा काळा पडलेला भाग, दोन्ही एकाच ढिगात गेले.

आणि मावशीनं तोंड सोडलं. तो दगड म्हणजे तिच्या घरचा वरवंटा होता! "मी माजा वाटायचा वरवंटा शेंदरात बुडवला, आन् ह्ये म्हंत्यात उचला! आता चटणी कशानं वाटू? मारुतीनं?" साहेबांनी तो वरवंटा तिच्या हातातून घेतला. "स्वच्छ करून देतो."

तेल-शेंदूर तो, सहजासहजी निघतो का? साहेब पुढचे कितीतरी दिवस राख आणि साबण घेऊन पायरीवर बसलेले. तोवर मावशीला काकूंनी आपला वरवंटा दिला होता, आणि मावशी तो परत करायचं नाव काढत नव्हती. गल्लीत मात्र सुतकी शांतता. साहेब कुणाला काही बोलेनात. गाड्या आडव्या, कचरा कुठेही. शेवटी तो दुकानदारच एका सकाळी आला, उभ्या उभ्या म्हणाला, "साहेब, त्या टेम्पोवाल्याला काहीतरी बोला हो. आमचं ऐकत नाही." साहेब म्हणाले, "मी कोणत्या तोंडानं बोलू?" दुकानदार म्हणाला, "होतं त्याच तोंडानं. आता तर भिंतही मध्ये नाही, आवाज सरळ जाईल."

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. काँक्रीट वाळलं होतं. ऊन लखलखीत. भिंतीच्या जागी नुसता मोकळा पट्टा, साहेबांनी तिथे काही बांधलं नाही, आजही बांधलेलं नाही. ते उन्हाकडे पाठ करून वरवंटा घासत होते, मी शेजारी चहा घेऊन. पलीकडच्या रुईवरून मादी निघाली. जमिनीलगत, संथ, नेहमीसारखी. मी सवयीनं गेटाकडे पाहिलं. ती गेटाकडे वळलीच नाही. रस्ता ओलांडून, भिंत होती तिथून सरळ आत आली आणि झेंडूवर बसली.

साहेबांचा हात थांबला. मग मला नाही, तिलाच म्हणाले, "इतकी वर्षं उगाच वळसा पडला आपल्याला."